टाके दिसतात, मेंदूचा मार दिसत नाही

जुन्नर-आंबेगावात बर्फ पडत नाही. पडल्याच तर गारा पडतात, आणि त्याही नेमक्या द्राक्षे काढणीला आली की. तेव्हा बर्फावरून फळी घसरवत नेणाऱ्या अमेरिकेतल्या एका तरुणाची गोष्ट मंचर, नारायणगाव, ओतूर किंवा घोडेगावच्या वाचकाने कशासाठी वाचायची, असा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचे कारण असे की, त्या तरुणाचे हातपाय शाबूत राहिले. मार बसला तो मेंदूला. आणि तसा मार बसायला बर्फ लागत नाही. पुणे-नाशिक महामार्गावर दुचाकी घसरते, पश्चिमेकडच्या डोंगरात हिरडा काढताना पायाखालची फांदी मोडते, यात्रेच्या कबड्डीत दोघांची डोकी एकमेकांवर आदळतात, बैलगाड्यांच्या घाटात गाड्यापुढे घोडी पळवणारा पोरगा मातीत येतो. पुढे जे घडते ते सगळीकडे सारखेच असते: माणूस उठून बसतो, अंगावरची माती झटकतो आणि म्हणतो, "काही नाही झालं."

त्या तरुणाचे नाव केव्हिन पिअर्स. जन्म १९८७चा, अमेरिकेच्या थंड ईशान्य भागातला. वडील सायमन पिअर्स हे मूळचे आयर्लंडचे, काच फुंकून भांडी घडवणारे नावाजलेले कारागीर. चार भावांत केव्हिन धाकटा. त्याच्या एका मोठ्या भावाला, डेव्हिडला, जन्मापासून डाउन सिंड्रोम आहे. पुढे या गोष्टीत डेव्हिडचे काम मोठे आहे, म्हणून त्याचा उल्लेख आधीच केलेला बरा. केव्हिनला वाचनाची अडचण होती, डिस्लेक्सिया. शाळेत अक्षरे दाद देत नव्हती, पण पायाखाली फळी आली की त्याच्या शरीराला सगळे समजे.

या खेळाला स्नोबोर्डिंग म्हणतात. दोन्ही पाय एकाच फळीला घट्ट बांधायचे आणि आडवे उभे राहून बर्फाचा उतार उतरायचा. १९६५ साली अमेरिकेत शर्मन पॉपेन नावाच्या माणसाने मुलींना खेळायला म्हणून दोन स्की एकत्र जोडल्या, त्यातून हे खूळ निघाले आणि १९९८च्या नागानो हिवाळी ऑलिम्पिकपर्यंत पोहोचले. त्यातला सर्वांत धडकी भरवणारा प्रकार म्हणजे हाफपाइप. उभा चिरलेला एक प्रचंड नळ उताराच्याच दिशेने पडला आहे आणि त्याच्या आतल्या बाजूला गोठलेल्या बर्फाच्या भिंती आहेत, अशी कल्पना करावी. भिंतींची उंची सुमारे २२ फूट. खेळाडू एका भिंतीवरून वर उसळतो, काठाच्याही आणखी दहा-पंधरा फूट वर जातो, हवेत कोलांट्या घेतो आणि त्याच भिंतीवर उतरून समोरच्या भिंतीकडे सुटतो. खाली दिसते पांढरे, मऊ वाटते. प्रत्यक्षात ती भिंत सिमेंटच्या ओट्यासारखी टणक असते.

अठराव्या वर्षी केव्हिन व्यावसायिक खेळाडू झाला. प्रायोजक मिळाले, जगभर फिरणे सुरू झाले. २००९ संपत आले तेव्हा शॉन व्हाइटला गाठू शकेल अशा मोजक्या नावांत त्याचे नाव घेतले जात होते. व्हाइट म्हणजे या खेळातला सम्राट. जन्मतः हृदयात दोष, तान्हेपणी शस्त्रक्रिया, आणि तरीही २००६मध्ये ऑलिम्पिक सुवर्ण. २०१०चे व्हॅन्कुव्हर ऑलिम्पिक दोन महिन्यांवर आले होते. व्हाइटला हरवायचे तर दोन तिरक्या कोलांट्या आणि सोबत गिरक्या असलेली नवी उडी जमलीच पाहिजे, हे सगळ्यांना कळून चुकले होते.

३१ डिसेंबर २००९ रोजी सकाळी, यूटा राज्यातल्या पार्क सिटी येथे केव्हिन ती उडी घोटत होता. उतरताना तोल गेला आणि डोक्याची पुढची बाजू, डाव्या डोळ्याच्या वरची, बर्फाच्या भिंतीवर आदळली. वय २२. डोक्यावर हेल्मेट होते. हेलिकॉप्टरने त्याला विद्यापीठाच्या रुग्णालयात नेले आणि पुढचे कित्येक दिवस तो बेशुद्ध होता.

हेल्मेट असूनही इतके कसे झाले, हे समजून घेण्यासारखे आहे. मेंदू हा कवटीत घट्ट बसवलेला नसतो. सुमारे १.३ ते १.४ किलोचा, दह्याच्या घट्ट कवडीसारखा तो मऊ गोळा एका पातळ द्रवात तरंगत असतो. रोजच्या चालण्या-धावण्यातले हादरे तो द्रव सहज पचवतो. पण वेगातले डोके एकदम थांबले की कवटी थांबते आणि मेंदू पुढे जातो. समोरच्या हाडावर आपटतो, उलट फिरून मागच्या हाडावर आपटतो. त्यात कवटीचा तळ आतून गुळगुळीत नसतो. कपाळाच्या आणि कानशिलाच्या बाजूला हाडांचे उंचवटे आणि कडा आहेत. त्यामुळे मार कुठेही बसला तरी मेंदूचा पुढचा आणि कानशिलाजवळचा भाग जास्त घासला जातो. माणसाचा स्वभाव, संयम, निर्णय आणि आठवण ज्या भागांवर अवलंबून असतात, नेमके तेच हे भाग.

याहून वाईट असते ती पिळवटणूक. डोके सरळ आदळण्याऐवजी गर्रकन फिरून आदळले, की मेंदूचे बाहेरचे थर आणि आतले थर वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि त्यांना जोडणारे बारीक चेतातंतू ताणले जातात, तुटतात. ही इजा बऱ्याचदा साध्या सीटी स्कॅनमध्ये दिसतही नाही. कवटी फुटू नये, यासाठी हेल्मेट असते आणि ते काम ते उत्तम करते. दुचाकीस्वारांवरच्या अनेक अभ्यासांची एकत्र पाहणी झाली तेव्हा हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याच्या इजेचा धोका ६९ टक्के कमी होतो, असे दिसले. एखाद्या गोळीने इतका फरक पडला असता तर तिच्यासाठी दवाखान्यापुढे रांगा लागल्या असत्या. पण आतल्या मेंदूची गिरकी हेल्मेट पूर्णपणे रोखू शकत नाही. केव्हिनच्या बाबतीत त्याने जीव वाचवला, एवढे खरे.

वेगाचा अंदाज आपल्याला सहसा येत नाही, म्हणून थोडा हिशेब. दोन मीटर उंचीवरून पडलेले डोके जमिनीवर पोहोचते तेव्हा त्याचा वेग ताशी २२ किलोमीटरच्या आसपास असतो. म्हणजे ओट्यावरून, ट्रॅक्टरवरून, झाडाच्या खालच्या फांदीवरून पडणे हेही लहान नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने चाललेली मोटारसायकल गळिताच्या हंगामात रस्त्याकडेला दिव्याविना उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळली, तर ती धडक सुमारे १४ मीटरवरून, म्हणजे चार-साडेचार मजल्यांवरून खाली पडण्याच्या बरोबरीची असते. आळेफाट्याहून ओतूरकडे जाताना ६० हा वेग कुणी वेग म्हणून मोजतही नाही.

केव्हिन शुद्धीवर आला तेव्हा त्याला चालणे, बोलणे, गिळणे नव्याने शिकावे लागले. यूटातून त्याला डेन्व्हरजवळच्या क्रेग रुग्णालयात हलवले. मेंदूच्या आणि मणक्याच्या इजेनंतर माणसाला पुन्हा उभे करणे हेच त्या रुग्णालयाचे काम. मे महिन्यात, अपघातानंतर चार महिन्यांहून अधिक काळाने, तो घरी गेला. मधल्या काळात व्हॅन्कुव्हरचे ऑलिम्पिक होऊन गेले होते. व्हाइटने सुवर्ण जिंकले आणि केव्हिनचा मित्र स्कॉटी लागो याने कांस्य. केव्हिनच्या नावाचे स्टिकर लावून त्याचे मित्र खेळत होते.

घरी आलेला केव्हिन बाहेरून पाहणाऱ्याला बरा वाटत होता. हसत होता, बोलत होता, हिंडत होता. पण एका वस्तूच्या दोन दिसत, त्यासाठी डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाल्या. स्मरणशक्ती फसवी झाली होती. फिट येऊ नये म्हणून गोळ्या चालू होत्या. राग, उतावळेपणा वाढला होता. आणि सगळ्यांत अवघड बाब ही, की यातले फारसे काही त्याला स्वतःला पटत नव्हते. आपण पुन्हा स्पर्धेत उतरणार आणि पहिल्यासारखे खेळणार, याबद्दल त्याला शंका नव्हती.

इथे त्याचा हट्ट किंवा खेळाडूचा बाणा असे म्हणून पुढे जाता येत नाही. आपले किती नुकसान झाले आहे हे ओळखण्याचे कामही मेंदूच्या पुढच्या भागाचेच असते. तोच भाग दुखावला, तर माणूस खोटे न बोलताही चुकीचे सांगतो. पाय मोडला तर पाय दुखून सांगतो. मेंदूला स्वतःला दुखण्याची जाणीव नसते. डोके दुखते ते त्याभोवतीच्या आवरणांमुळे आणि रक्तवाहिन्यांमुळे. म्हणून मेंदूला मार बसलेल्या माणसाचे "मी ठीक आहे" हे वाक्य साक्षीत धरायचे नसते. त्याच्या आईला, भावाला, बायकोला काय दिसते, ते धरायचे.

डॉक्टरांनी केव्हिनला स्पष्ट सांगितले होते की, डोक्याला आणखी एक मार बसला तर जीव जाऊ शकतो. घरात जेवणाच्या टेबलावर यावरून वाद झाले. लूसी वॉकर या दिग्दर्शिकेने २०१३मध्ये केलेल्या 'द क्रॅश रील' या माहितीपटात ते सगळे आहे. वडील समजावतात, आई समजावते, भाऊ समजावतात. केव्हिन ऐकून घेतो आणि आपलेच म्हणणे पुढे रेटतो. डेव्हिडच्या बोलण्यात मात्र आडपडदा नसतो. भाऊ मरेल याची भीती वाटते, हे तो सरळ बोलून दाखवतो. डॉक्टरांच्या स्कॅनपेक्षा त्याचे ते बोलणे जास्त खोल लागले असावे, असे पाहणाऱ्याला वाटत राहते.

डिसेंबर २०११मध्ये, अपघाताला दोन वर्षे होत आली असताना, कोलोरॅडोतल्या ब्रेकनरिज येथे केव्हिन मित्रांसोबत पुन्हा बर्फावर उतरला. साध्या उतारावरून, हळू. पायाखाली फळी होती, पण पूर्वीचा केव्हिन नव्हता, आणि हे या वेळी त्याचे त्यालाच कळले. स्पर्धात्मक खेळ त्याने सोडला. त्यानंतर महिनाभरातच, जानेवारी २०१२मध्ये, पार्क सिटीच्या त्याच हाफपाइपमध्ये कॅनडाची स्कीपटू सारा बर्क पडली. पडणे फार भयंकर दिसलेही नव्हते. पण मानेतून मेंदूकडे जाणारी एक रोहिणी फाटली, हृदय थांबले, मेंदूला प्राणवायू मिळाला नाही आणि नऊ दिवसांनी ती गेली. वय २९.

दुसऱ्या माराची इतकी धास्ती डॉक्टरांना का वाटते? मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असतो, पण शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा एकटा वापरतो. हादरा बसला की पेशींच्या भिंतींमधून पोटॅशियम बाहेर पडते, कॅल्शियम आत शिरते. ही घडी पुन्हा नीट बसवायला पेशींना नेहमीपेक्षा जास्त इंधन लागते आणि नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा रोडावलेला असतो. उन्हाळ्यात विहिरीने तळ गाठावा आणि त्याच आठवड्यात टोमॅटोला दुप्पट पाणी लागावे, तशी ही गत. ही ओढाताण काही दिवस, कधी काही आठवडे चालते. माणूस तोवर हिंडू-फिरू लागलेला असतो. या काळात दुसरा धक्का बसला, अगदी किरकोळ, तरी लक्षणे वाढतात, महिनोन्‌महिने रेंगाळतात. क्वचित, आणि विशेषतः किशोरवयीन मुलांमध्ये, मेंदूला झपाट्याने सूज येऊन काही मिनिटांत प्राण गेल्याच्या नोंदी आहेत. १९८४ सालापासून वैद्यकीय लेखनात याला 'दुसऱ्या आघाताचे लक्षणसमूह' अशा अर्थाचे नाव आहे. प्रकार दुर्मीळ आहे, त्याच्या कारणांवर तज्ज्ञांत वादही आहेत. पण पहिल्या माराची लक्षणे असताना खेळू नये, यावर वाद नाही.

चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा सुरू झाल्या की हा प्रश्न घाटात आणि मैदानात उभा राहतो. बैलगाडा शर्यतींवरची बंदी डिसेंबर २०२१मध्ये तात्पुरती उठली आणि १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. त्या सगळ्या वादात बैलांच्या जिवाची चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. बैलांना पशुवैद्यकाचा दाखला लागतो. पण बाऱ्या सुटत असताना घोडीवरून पडलेल्या किंवा गाड्याखाली आलेल्या पोराकडे कुणी पाहायचे, तो पुढच्या बारीला पुन्हा घोडीवर बसू शकतो का, हे कुणी ठरवायचे? आज ते ठरते गर्दीत, भिर्रर्रच्या आवाजात आणि बहुतेक वेळा त्या पोराच्याच तोंडून. डोक्याला फेटा किंवा टोपी असते. घोडेस्वारीचे हेल्मेट जगभर मिळते, पण आपल्या घाटात ते घातलेला माणूस शोधावा लागेल.

कबड्डीचेही तेच. डोक्यावर डोके आपटते, कबड्डीपटू भोवंडतो, तोंडावर पाणी मारतात, खांद्याला धरून उभा करतात आणि सामना पुढे चालू होतो, कारण आज फायनल आहे. क्रिकेटने याबाबतीत निदान नियम केला. २०१९पासून डोक्याला मार बसलेल्या खेळाडूऐवजी दुसरा खेळाडू घेता येतो. डिसेंबर २०२०मध्ये कॅनबेरात ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या टी-ट्वेंटीत मिचेल स्टार्कचा चेंडू रवींद्र जडेजाच्या हेल्मेटला लागला. तो त्यानंतरही खेळला, षटक संपवले. पण डाव संपल्यावर त्याला मैदानात उतरवले नाही. त्याच्या जागी आलेल्या युजवेंद्र चहलने तीन बळी घेतले आणि सामनावीर ठरला, यावरून ऑस्ट्रेलियाने नाराजीही दाखवली. गावच्या यात्रा समितीला असा नियम करायला कुणाच्या परवानगीची गरज नाही: डोक्याला लागले, तर त्या दिवशी पुन्हा खेळायचे नाही.

भारतीय क्रिकेटमध्ये एक जुनी, दुःखद आठवणही आहे. २० फेब्रुवारी १९९८ रोजी ढाक्यात क्लबच्या सामन्यात रमण लांबा फलंदाजाच्या अगदी जवळ, हेल्मेट न घालता क्षेत्ररक्षण करत होता. फटका थेट कपाळाच्या कडेला बसला. लांबा उठला, स्वतःच्या पायांनी तंबूत चालत गेला. थोड्या वेळाने प्रकृती ढासळली, शुद्ध हरपली, शस्त्रक्रिया झाली. तीन दिवसांनी तो गेला.

अशा मधल्या शुद्धीने आजवर अनेकांना फसवले आहे. कानशिलाजवळ कवटीचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतून एक रोहिणी जाते. हाडाला तडा जाऊन ती फाटली, तर कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साठू लागते. सुरुवातीला जागा पुरते, माणूस बोलतो, चहा पितो, घरी जाऊन झोपतो. मग दाब वाढतो. वेळेत ओळखून ते रक्त काढले, तर असा रुग्ण पूर्ण बरा होऊ शकतो. मेंदूच्या शस्त्रक्रियांमध्ये इतका चांगला निकाल देणाऱ्या शस्त्रक्रिया थोड्याच आहेत. उशीर झाला तर हातात काही राहत नाही.

म्हणून मार बसल्यावरचे पहिले २४ तास कुणीतरी सोबत असावे आणि त्याने डोळे उघडे ठेवावेत. पुन्हा पुन्हा उलटी होणे, डोकेदुखी वाढत जाणे, बोलणे अडखळणे किंवा तोच प्रश्न सारखा विचारणे, एका बाजूचा हात-पाय ढिला पडणे, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणे, फिट येणे, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव येणे, हाक मारून नीट जाग न येणे. यातले एक जरी दिसले तरी "सकाळी बघू" म्हणायचे नाही. क्षणभर जरी शुद्ध गेली असेल किंवा पडण्याआधीचे-नंतरचे काही आठवत नसेल, तरी डॉक्टरांना दाखवायचे. दारूच्या नशेत पडलेल्या माणसाबाबत तर आणखी सावध राहावे. नशा आणि मेंदूतला रक्तस्राव बाहेरून सारखेच दिसतात, आणि "उतरेल सकाळपर्यंत" या समजुतीने जीव गेले आहेत.

झोपेबद्दल लोकांच्या मनात गोंधळ असतो. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवले असेल तर रुग्णाला झोपू द्यावे, मेंदूला विश्रांती हवीच असते. सांगितल्याप्रमाणे मधून उठवून तो ओळखतो ना, नीट बोलतो ना, एवढे पाहावे. तपासणीच झाली नसेल, तर मात्र झोपवून ठेवणे धोक्याचे. दुखण्यावर मनाने गोळी देऊ नये. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

पडलेल्या माणसाला चौघांनी हातपाय धरून उचलणे ही आपली जुनी सवय. डोक्याला जोराचा मार असेल तेव्हा मानेलाही इजा झाली असेल असे धरूनच चालावे. डोके आणि मान दोन्ही हातांनी जशीच्या तशी स्थिर धरावी, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. उलटी होत असेल तर डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून तिघा-चौघांनी एकदम कुशीवर वळवावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, फिट आली तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, दातांत चमचा घालू नये. मदत करणाऱ्याने पोलिसांच्या झंझटीची भीती बाळगायचे कारण नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातच अशा माणसाला संरक्षण आहे.

डोंगरपट्ट्यात अंतराचा प्रश्न वेगळा. भीमाशंकरच्या बाजूच्या वाड्यांवरून किंवा नाणेघाटाच्या अंगाने मंचर-जुन्नर गाठायला वेळ लागतो, पावसाळ्यात आणखीच. हिरड्याच्या हंगामात झाडावर चढणाऱ्यांच्या सोबतीला खाली एक माणूस असणे आणि गाडी कुणाची, कुठे मिळेल हे आधी ठरलेले असणे, एवढ्यानेही बरेच काही वाचते.

घरातल्या वृद्धांची बाब पुन्हा निराळी. वयानुसार मेंदू थोडा आकसतो, कवटीत मोकळी जागा वाढते आणि बारीक शिरा ताणलेल्या राहतात. आजी न्हाणीघरात घसरतात, टेंगूळ येते, तेल-हळद लावतात, सगळे विसरून जातात. तीन-चार आठवड्यांनी चाल बिघडते, बोलण्यात विसंगती येते, दिवसा झोप वाढते. घरचे म्हणतात, वय झाले. प्रत्यक्षात हळूहळू साठलेले रक्त मेंदूला दाबत असते आणि ते काढता येते. हृदयासाठी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर लहानशा माराकडेही दुर्लक्ष करू नये.

आता ज्यांचा स्कॅन स्वच्छ आला आहे त्यांच्याविषयी, कारण बहुसंख्य लोक याच गटातले असतात. स्कॅन स्वच्छ म्हणजे रक्तस्राव नाही; मेंदूला हादरा बसलाच नाही असे नव्हे. डोके दुखणे, प्रकाश आणि आवाज सहन न होणे, लक्ष न लागणे, चिडचिड, झोपेचा विस्कोट हे सारे त्या हादऱ्याचेच भाग आहेत. पूर्वी अशा रुग्णाला आठवडेच्या आठवडे अंधाऱ्या खोलीत ठेवत. आता तज्ज्ञांचे मत बदलले आहे. पहिले एक-दोन दिवस सावकाश घ्यायचे, मोबाइल कमी, मग हलके चालणे सुरू करायचे. त्रास वाढला नाही तर हळू पळणे, मग एकट्याने सराव, मग संघासोबत धक्काबुक्कीशिवाय सराव, आणि डॉक्टरांनी पाहिल्यावरच सामना. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. लक्षण परतले तर एक पायरी मागे. प्रौढ बहुतेक दोन आठवड्यांत सावरतात, मुलांना चार आठवडेही लागतात. विद्यार्थी असेल तर आधी शाळा, नंतर मैदान. बारावीच्या तोंडावर पडलेला मुलगा अभ्यासात एकदम मागे पडू लागला, तर त्याच्यावर ओरडण्याआधी त्याच्या डोक्याला कधी काय लागले होते, ते आठवून पाहावे.

शॉन व्हाइटही ऑक्टोबर २०१७मध्ये न्यूझीलंडमध्ये सराव करताना हाफपाइपच्या काठावर तोंडावर आदळला होता. चेहऱ्याला ६२ टाके पडले. चार महिन्यांनी प्योंगचांगमध्ये त्याने तिसरे ऑलिम्पिक सुवर्ण जिंकले. टाके सगळ्यांना दिसले, मोजता आले, भरले तेही दिसले. केव्हिनच्या वाट्याला असे काही आले नाही. त्याने आणि त्याचा भाऊ ॲडमने २०१४मध्ये मेंदूला इजा झालेल्यांसाठी 'लव्ह युवर ब्रेन' ही संस्था काढली. तिथे अशा लोकांना आणि त्यांना सांभाळणाऱ्या घरच्यांना सोबत बसवून योगासने आणि ध्यान शिकवतात. तोल सांभाळणे, श्वासाकडे लक्ष देणे, एका वेळी एकच सूचना पाळणे. आसने सावकाश, सूचना पुन्हा पुन्हा, खोलीत प्रकाश मंद. घरच्यांना वर्गात घेण्याचे कारण व्यवहारी आहे. इजा एकाला होते आणि रात्री-अपरात्री उठणे, गोळ्यांच्या वेळा पाळणे, बदललेला स्वभाव झेलणे हे काम वर्षानुवर्षे दुसऱ्या कुणाला तरी करावे लागते.